बोंबलाचा वाटा

माझं डोकं लवकर तापतं, हे आमच्या शाळेत शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे रस्त्यात एखाद्या मुलीला कुणी त्रास देत असेल तर आजूबाजूच्या माणसांनी काय करायचं, या विषयाच्या प्रशिक्षणाला शाळेने मला पाठवलं तेव्हा स्टाफरूममध्ये हशा पिकला. एक सहकारी म्हणाली, "बाई, तिथे मारायला शिकवत नाहीत हं." मी म्हटलं, "मग काय शिकवतात? ओवाळायला?"

खरंच मारायला शिकवत नव्हते. वाशीतला एक एसी हॉल, शिकवणाऱ्या पोरी माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांचं सांगणं साधं होतं. त्रास देणाऱ्याच्या अंगावर जाऊ नका, आधी आपण सुरक्षित आहोत का ते बघा. मग त्याच्याशी नाही, तिच्याशी बोला. ओळख असल्यासारखं बोला, पत्ता विचारा, काहीही विचारा. एकट्याने जमत नसेल तर शेजारच्याला हाताशी धरा, आणि तेही जमलं नाही तर निदान नीट बघा, लक्षात ठेवा. सगळं निवळलं की तिला विचारा, तुला काय हवंय?

मला हे सगळं मिळमिळीत वाटलं. एक सणसणीत ठेवून दिली की विषय संपतो, असं माझं त्या वेळचं मत. सर्टिफिकेट घेतलं, जेवण चांगलं होतं, घरी आले.

मत बदललं ते एका मुलीमुळे. माझीच विद्यार्थिनी. दहावीत पहिल्या बाकावर बसायची आणि उत्तर येत असूनही हात वर करायची नाही. वडील कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी कामगार, मूळचे साताऱ्याकडचे; घरात सगळे त्यांना आप्पा म्हणतात. घर माळकरी. वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंसुद्धा शिजत नाही. नेरूळला आमच्या मागच्या गल्लीतच त्यांची खोली. मुलगी आता एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियनचा कोर्स करत होती, शेवटचं वर्ष. त्या घरात बारावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच.

एका रविवारी ती माझ्याकडे आली. चहा गार होईपर्यंत कपाकडे बघत बसली आणि मग म्हणाली, "बाई, सारसोळेच्या स्टॉपवर एक जण असतो. बाइकवर. संध्याकाळी मी बसमधून उतरले की मागे मागे येतो. घाण बोलतो. परवा ओढणी धरली."

"कोण आहे? दाखव मला. उद्याच त्याला..."

"बाई, प्लीज!" तिने माझा हात धरला. "म्हणून तर कुणाला सांगत नव्हते. तमाशा झाला तर घरी कळेल. घरी कळलं की कोर्स बंद. आजी गावी स्थळं बघूनच बसलीय. परीक्षेपर्यंत कसंतरी काढायचंय, बस्स."

"मग पोलिसांत जाऊ."

"जाईन. पण परीक्षा झाल्यावर. आत्ता गेले तर आप्पांना कळल्याशिवाय राहणार नाही."

मला गप्प बसवणं सोपं नाही, पण त्या दिवशी मी गप्प बसले. आतून मात्र जळत होते. त्या बाइकवाल्यावर तर होतेच, पण त्या न पाहिलेल्या आजीवरही, आणि आपल्या सगळ्यांच्याच रीतीवर. गुन्हा त्याचा आणि घरी बसणार ही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. माझ्या थपडेने त्याचा गाल लाल झाला असता आणि हिचं शिक्षण संपलं असतं. वाशीच्या हॉलमध्ये मिळमिळीत वाटलेलं सगळं मला त्या चहाच्या कपासमोर पहिल्यांदा समजलं.

सारसोळेच्या त्या स्टॉपसमोरच मासळी बाजार आहे. ओट्यांवर गावातल्या कोळणी बसतात. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही, आणि त्यांच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नाही. मी तिथली जुनी गिऱ्हाईक. ठरवलं की प्रशिक्षण द्यायचं ते यांना. मुलीचा विषय काढायचा नाही, तिचं नाव तर नाहीच. कुठलीही मुलगी असो, एवढंच सांगायचं.

दुपारी बाजार उठलेला, ओटे धुतलेले, मांजरं सावलीत पसरलेली. बायका ओल्या ओट्यांवर पाय सोडून बसल्या आणि मी वर्गात उभी राहते तशी समोर उभी राहिले. सगळ्यांत म्हातारी होती तिला सगळ्या 'आय' म्हणायच्या. माझ्याकडून वर्षानुवर्षं एक पैसाही कमी न घेणारी हीच ती. माझं दोन मिनिटं ऐकून घेऊन तिने कोयता उचलून दाखवला. "बाई, आमच्याकं ह्यो हाय. कशाला पायजे ट्रेनिंग?"

"आणि त्याच्याकडे चाकू असला तर? आणि तुम्ही त्याला धरलंत, गर्दी जमली, फोटो निघाले, मुलीच्या घरी पोचले, तर?"

"तं बरंच की. आयस-बापसाला कलूं दे."

"कळलं की मुलीला घरी बसवतात, आय."

आयने कोयता खाली ठेवला. तिथल्या बहुतेकींना चौथीनंतर कुणी ना कुणी घरी बसवलेलंच होतं.

मग आम्ही नाटक करून बघितलं. एका जाडजूड बाईने डोक्याला टॉवेल बांधून टपोरी व्हायचं ठरवलं, शिट्ट्या काय मारल्या, कॉलर काय उडवली, हसून हसून पुरेवाट झाली. मुलीच्या जागी एक तरुण सून उभी केली होती. टपोरी तिच्याभोवती फिरायला लागला तशी ती आधी हसत होती. मग तिने पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला आणि जमिनीकडे बघायला लागली. हसणं हळूहळू थांबलं. टॉवेल बांधलेल्या बाईने स्वतःच टॉवेल काढला.

"लगीन झालं नव्हतं तवा," ती सून म्हणाली, "बेलापूरच्या स्टॉपवर. सगली बघत व्हती. कोनी मारायला नको व्हतं त्याला. कोनी नुसतं इचारलं असतं ना, पोरी, बस कवा येल, तरी मी त्या मान्साजवल जाऊन उभी राहिली असती."

प्रशिक्षण खरं तर तिथेच झालं. पुढचं मी सांगत गेले ते त्यांनी लगेच आपल्या पद्धतीने लावून घेतलं. मुलीशी ओळख असल्यासारखं बोलायचं म्हणजे काय, हे कोळणीला शिकवायची गरजच नाही. ती रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी बाईलाही 'ये गो, कालची कोलंबी कशी होती' म्हणून बोलावते. दुसरीने शेजारणीला खूण करायची, तिसरीने बाइकचा नंबर बघून ठेवायचा, सगळं पटापट ठरलं.

अडलं ते एकाच ठिकाणी. शेवटी मुलीला विचारा, तुला काय हवंय, असं मी म्हटलं तेव्हा आयने मान हलवली.

"आमच्यात इचारून देत नाय. घेशील का, असं इचारलं की मानूस 'नको' बोलतं. म्हनून आमी हातात ठेवतो."

मी समजावलं. मदतीचं आणि पाहुणचाराचं एक नसतं म्हटलं. तिने "हां हां" केलं. माझ्या वर्गातली मुलंही असंच "हां हां" करतात.

चार-पाच दिवसांनी मी मुद्दाम संध्याकाळी बाजारात गेले. बस थांबली, ती उतरली, आणि पानटपरीजवळून बाइक सुरू झाल्याचा आवाज आला. माझ्या मुठी वळल्या. तेवढ्यात आयचा आवाज रस्त्याच्या पलीकडे गेला. "ए पोरी! हिकडं ये गो! तुजे आयशीनं बोंबील ठेवायला सांगितलं व्हतं, घेऊन जा!"

ती क्षणभर गोंधळली. मग तिची नजर माझ्यावर पडली, आणि ती सरळ ओट्यापाशी आली. दोन बायका उठून तिच्या बाजूला उभ्या राहिल्या, जणू त्याही मासळीच घेत होत्या. कुणी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही, फक्त ती तरुण सून नंबर पाठ करत होती. तो थोडा वेळ घुटमळला आणि निघून गेला. कसला आवाज नाही, गर्दी नाही. मला इतकं बरं वाटलं की मी त्या दिवशी घासाघीस न करता पापलेट घेतलं.

असं मग होत राहिलं. तो दिसला की हाक जायची. मला वाटलं, परीक्षेपर्यंत निभावलं आपण.

आणि मग एका शनिवारी सकाळी तिची आई माझ्या दारात उभी राहिली. डोळे सुजलेले. मागे मुलगी, मान खाली घालून.

"बाई, तुमीच इचारा हिला. आमाला सांगंना. काल एकादस. ह्यांनी हरिपाठ म्हनून फराळाला बसायचं, तर घरात वास. हिच्या बॅगेत बोंबील निघालं, बाई! ओलं बोंबील! माळकऱ्याच्या घरात, एकादशीला!" ती पदराने तोंड झाकून रडायला लागली. "कुन्या पोराच्या नादाला लागलीया. त्याच्या संगट खाती आसंल. आप्पा बोलंनातच. सोमवारच्या गाडीनं गावाला घालवायची ठरलीया."

मी आईला बाहेरच्या खोलीत बसवलं आणि मुलीला आत नेलं. तेव्हा कळलं. आय नुसती हाक मारत नव्हती. हाक मारून जवळ बोलावलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवणं तिच्या जन्मात झालेलं नव्हतं. खोट्या बोंबलाला बोलवायचं आणि खरे बोंबील द्यायचे नाहीत, हे तिला पटेना. म्हणून ती प्रत्येक वेळी बोंबलाचा एक वाटा कागदात गुंडाळून मुलीच्या हातात ठेवत होती, पैसे न घेता, न विचारता. आणि ही पोरगी, जिला वर्गात हातसुद्धा वर करता यायचा नाही, ती 'मावशी, आमच्यात खात नाहीत' हे एवढं म्हणू शकली नाही. त्या बाईने आपल्याला वाचवलं, तिचा हात कसा झिडकारायचा, असं तिला वाटलं. दर वेळी ती ते बोंबील शेजारच्या बिल्डिंगच्या वॉचमनला देऊन घरी जायची. शुक्रवारी वॉचमन जागेवर नव्हता आणि आई गल्लीच्या तोंडाशीच वाट बघत उभी होती.

मला हसू आलं आणि लगेच त्या हसण्याची लाज वाटली. कारण मुलगी चांगलीच अडकली होती. खरं सांगितलं तर बाइकवाला कळणार आणि कोर्स बंद. न सांगितलं तर कुठलातरी नसलेला पोरगा, आणि तरीही कोर्स बंद.

मी उठलेच. तिच्या बापाला गाठून चार शब्द सुनवावेत, माझ्या शब्दाला तिथे मान आहे, एवढं सगळं डोक्यात तयार झालं. चपला पायात घालता घालता थांबले. परत येऊन तिच्यासमोर बसले आणि विचारलं, "तुला काय हवंय?"

तिला हा प्रश्न बहुधा कुणी विचारलाच नव्हता, त्यामुळे उत्तर शोधायला वेळ लागत होता. मग म्हणाली, "मीच सांगते आप्पांना. सगळं. तुम्ही फक्त बसा, बाई. मध्ये बोलू नका. आणि त्या मावशींनाही बोलवा."

संध्याकाळी आम्ही तिच्या खोलीवर जमलो. आय डोक्यावरून अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून आली होती, तरी उंबऱ्याच्या बाहेरच थांबली. माळकऱ्याचं घर, आपल्या अंगाला मासळीचा वास, असं तिच्या मनात असावं. आप्पांनी तिच्याकडे बघितलं. "आत या," एवढंच म्हणाले. ती आत येऊन दाराशीच टेकली.

मुलगी बोलत होती तेव्हा ती भिंतीकडे बघत होती, पण थांबली नाही. ओढणीचं सांगितलं तसे आप्पा उठले. गोण्या उचलायचा लोखंडी आकडा खिळ्याला टांगलेला होता, तो त्यांनी हातात घेतला. "कुटं हुबा ऱ्हातो त्यो?"

मी ओठ दाताखाली धरले. मध्ये बोलायचं नाही असं कबूल केलं होतं, आणि इतकं अवघड मला आयुष्यात काही वाटलं नाही. कारण खरं सांगायचं तर मला त्या आकड्याचा आनंदच झाला होता.

"आप्पा, बसा," मुलगी म्हणाली. "तुम्ही त्याला मारलंत तर तुम्ही आत जाल. तो चार दिवसांत बरा होईल. मी मात्र गावीच राहीन."

आप्पा उभेच. "मंग आमाला का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर कुणाला घरी बसवलं असतंत, आप्पा? त्याला, की मला?"

तिची आई भाकरीच्या परातीत हात तसाच ठेवून बसली होती. आप्पांनी आकडा परत खिळ्याला लावला. खाली बसले, माळेतला एक मणी बोटांत धरला, आणि बोलायला लागले ते माझ्याशीही नाही आणि मुलीशीही नाही.

"मार्केटात बायका येत्यात. कांदं निवडायला, झाडायला. त्यास्नी कोन काय बोलतं, कोन कुटं हात लावतं, आमाला दिसतंय. न्हाई असं न्हाई. पर पाठीवर गोनी आसती. मान वर करता येत न्हाई. गोनी उतरून बघावं, तर बाई निघून गेल्याली आसती." त्यांनी मणी पुढे सरकवला. "गोनी नसताना बी म्या मान वर केली न्हाई कदी. त्या कुनाच्या तरी पोरीच हुत्या."

आय दाराजवळून हळूच म्हणाली, "दादा, बोंबील मी दिलं. पोरीची चूक नाय. मी इचारलं नाय तिला. चुकलं माजं."

आप्पांनी तिला हात जोडले. मी इतकी वर्षं शिकवतेय, पण एका माळकऱ्याने बोंबलापायी हात जोडलेले तेवढेच पाहिले. तरी सोमवारचं काय, हे कुणीच विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. मुलीने परीक्षेबद्दल, नंतर स्वतः द्यायच्या तक्रारीबद्दल जे सांगायचं ते सांगितलं होतं. आम्ही उठलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, "सोमवारचं सोमवारी बघू."

रविवार मी कसा काढला ते मलाच माहीत. त्यांच्या खोलीकडे जायचं नाही असं स्वतःला बजावत राहिले. सोमवारी संध्याकाळी बाजारात गेले, मासळी घ्यायला नाही, नुसती बस बघायला. आयच्या ओट्यावर बोंबील होते, पण तिचंही लक्ष त्यात नव्हतं. बाइकवाला त्या दिवशी नव्हता. तो सुधारला वगैरे मी म्हणणार नाही. दुसऱ्या कुठल्या स्टॉपवर उभा असेल.

बसच्या आधी आले ते आप्पा. मार्केटातून थेट आले होते, अंगावर कामाचेच कपडे, खांद्यावर गोणपाटाची पिशवी. मासळी बाजारात ते जन्मात पहिल्यांदा पाऊल ठेवत असावेत. नजर सरळ समोर, इकडे ना तिकडे. आयच्या ओट्यापाशी येऊन उभे राहिले. तिने घाईघाईने ओट्याचा एक कोपरा रिकामा केला, त्यावर दोनदा पाणी ओतलं, कोरड्या फडक्याने पुसून काढला. त्यांनी पिशवी त्यावर ठेवली.

"बटाटं हायती," ते म्हणाले. "पोरगी बसमधनं उतारली अन् काय तसलं दिसलं, तर हाक मारून ह्यातलं बांधून देत जावा. उपासाला बी चालतंय." मग पिशवीचं तोंड सोडत, "दुसऱ्या कुनाच्या पोरीला बी द्या. सपलं की आनीन."

आयने पिशवीत हात घालून एक बटाटा काढला, उलटासुलटा करून बघितला. "इचारून देऊ," तिने विचारलं, "का तसाच देऊ?"

आप्पांनी बस येते त्या रस्त्याकडे पाहिलं. "इचारून द्या," ते म्हणाले.

तेवढ्यात बस आली. ती उतरली, खांद्याला कॉलेजची बॅग, हातात लॅबचा पांढरा कोट. बापाला मासळी बाजारात उभं पाहून ती जागीच थांबली. आयने दोन बटाटे ओंजळीत धरून पुढे केले, आणि जन्मभर न विचारताच हातात ठेवत आलेली ती बाई म्हणाली, "पोरी, देऊ का गो?"

मुलीने बटाट्यांकडे पाहिलं, आमच्या सगळ्यांकडे पाहिलं, आणि म्हणाली, "आज नको, मावशी."

आयने बटाटे पिशवीत परत ठेवले. मुलगी घराकडे चालायला लागली. आप्पा तिच्या मागे गेले नाहीत. ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत ते ओट्यापाशीच उभे राहिले, मान वर करून.